लांबचं बघायचंय? मग कॅमेऱ्याइतकाच वेळ पॅन-टिल्ट माउंट निवडायला द्या

टेंडर असो की साधं कोटेशन, एक ओळ हमखास दिसते, "पॅन-टिल्ट युनिट, ३६० डिग्री, पेलोड ३० किलो, आयपी६६", बस एवढंच. कॅमेऱ्यासाठी मात्र दोन दोन पानं, सेन्सर कुठला, लेन्स किती, रात्री किती उजेडात दिसतं, सगळं. मग माल साइटवर येतो, पोलवर चढतो, पूर्ण झूम मारला की चित्र थरथरायला लागतं, प्रिसेटवर, म्हणजे आधी सेव्ह करून ठेवलेल्या जागेवर, पाठवलं की जे बघायचं ते फ्रेमच्या बाहेर, आणि बोल कॅमेऱ्याला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की किती किलो उचलतो हा प्रश्न नंतरचा, आधी हे विचारा की लेन्स जेवढ्या लांबचं बघणार आहे तेवढ्या लांबवर हा माउंट नजर किती स्थिर धरतो.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पॅन म्हणजे डावीकडे-उजवीकडे फिरणं, टिल्ट म्हणजे वर-खाली. चौकात, सोसायटीत दिसतात ते पीटीझेड (पॅन-टिल्ट-झूम) डोम, त्यात कॅमेरा, झूम आणि मोटर एकाच गोळ्यात बसवलेलं असतं. पॅन-टिल्ट माउंट वेगळा, ते नुसतं फिरणारं डोकं, त्यावर तुम्ही तुम्हाला हवा तो कॅमेरा, उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा, अंतर मोजणारा लेझर रेंजफाइंडर, छोटा रडार असं काहीही चढवता. कंपनीचं गेट किंवा पार्किंग बघायचं असेल, शंभर-दोनशे मीटरचा मामला असेल, तर सरळ चांगला डोम घ्या, वेगळ्या माउंटच्या भानगडीत पडायची गरजच नाही. पण समुद्रकिनारा, धरणाची भिंत, जंगलातला वणवा, विमानतळाचं कुंपण, सीमा, अशा ठिकाणी किलोमीटरमध्ये बघायचं असतं आणि तिथे डोम पुरत नाही. २६/११ नंतर आपल्या किनाऱ्यावर जी रडार आणि कॅमेऱ्यांची साखळी उभी राहिली, पहिल्या टप्प्यात देशभरात ४६ ठिकाणी, ती याच जातीची कामं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डोंगरमाथ्यांवर हजारावर फिरणारे कॅमेरे वणव्याचा धूर शोधतात, तेही लांबचं बघण्याचंच काम.

आपण एकच उदाहरण धरून चालू. कोकणातलं एखादं छोटं बंदर, उंचावर पोल, आणि ३ किलोमीटरवरची बोट ओळखायचीय. कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण साडेपाच मिलिमीटर रुंद आणि लेन्स ५०० मिलिमीटरची. आता गणित सोपं आहे, सेन्सरची रुंदी भागिले लेन्स गुणिले अंतर, म्हणजे ३ किलोमीटरवर हा कॅमेरा फक्त ३३ मीटर रुंद तुकडा बघतो. कोनात बोलायचं तर ०.६३ डिग्री, एक डिग्रीसुद्धा नाही. अख्खं चित्र, बोट, पाणी, सगळं या पाऊण डिग्रीच्याही आत.

हा आकडा हातात आला की बाकी सगळं आपोआप मोजता येतं. माउंटमध्ये ०.१ डिग्रीचा प्ले असेल, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा, तर ३ किलोमीटरवर नजर सव्वापाच मीटर इकडेतिकडे होते. फुल एचडीच्या १९२० पिक्सेलमध्ये ते होतात तीनशे. फ्रेमच्या कडेला असलेली मासेमारीची छोटी होडी एवढ्यात अर्धीअधिक बाहेर जाऊ शकते. तोच माउंट २५ मिलिमीटरच्या लेन्सखाली लावला तर तीनशेचे पंधरा पिक्सेल होतात, कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून "हा माउंट चांगला आहे का" असं मोघम विचारून काही उपयोग नाही, कुठल्या लेन्सखाली चांगला आहे असं विचारायचं. मी तरी असा हिशोब धरतो की माउंटची एकूण चूक सगळ्यात अरुंद फ्रेमच्या दहाव्या हिश्श्याच्या आत असावी. आपल्या उदाहरणात ती ०.०६ डिग्री येते.

आता डेटाशीट उघडा. तिथे "अचूकता ०.०१ डिग्री" असं ठळक छापलेलं असेल आणि इथेच बहुतेक लोक फसतात, कारण एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक, मोटरला सगळ्यात लहान पाऊल केवढं टाकता येतं. दुसरी, एखाद्या प्रिसेटवर परत परत पाठवलं तर दरवेळी तिथेच थांबतो का. तिसरी, मी ४५ डिग्री म्हटलं तर तो खरोखर ४५ वरच जातो का. पहिला आकडा नेहमी सगळ्यात देखणा असतो आणि सगळ्यात कमी कामाचा. माणूस बसून जॉयस्टिकने चालवणार असेल तर तिसऱ्याची फार फिकीर नको, माणूस डोळ्याने सुधारून घेतो, पण प्रिसेटवर गस्त असेल तर दुसरी पाहिजेच, आणि रडारने दिशा सांगितली की कॅमेरा आपोआप तिकडे वळणार असेल तर तिसरी पाहिजे. त्यातही हे बघा की रडारचीच दिशा एक डिग्रीने चुकली तर ३ किलोमीटरवर ५२ मीटरचा फरक पडतो आणि आपली फ्रेम ३३ मीटरची, म्हणजे माउंट कितीही अचूक असला तरी आधी वाइड अँगलने जाऊन मग झूम करणं हे सॉफ्टवेअरमध्ये असावंच लागतं. नुसता महाग माउंट घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

प्ले कुठून येतो ते समजलं की निवड सोपी होते. मोटर वेगाने फिरते, डोकं हळू फिरायला हवं, मध्ये गिअर लागतात. वर्म गिअर सगळ्यात जास्त दिसतो, स्वस्त, दणकट, आणि रिडक्शन, म्हणजे वेग कमी करायचं प्रमाण, मोठं असलं की मोठा गुण हा की लाइट गेली तरी डोकं सहसा जिथे आहे तिथेच अडकून राहतं, कॅमेरा मान टाकत नाही. पण दातांमध्ये थोडी जागा ठेवावीच लागते आणि झिजेबरोबर ती वाढत जाते. बेल्टचं काम गुळगुळीत आणि प्ले कमी, पण लाइट गेल्यावर धरून ठेवायला ब्रेक लागतो. हार्मोनिक गिअरमध्ये प्ले जवळजवळ नसतो, किंमत मात्र तशीच लागते, तो खरोखर लांब लेन्स आणि आपोआप ट्रॅकिंग असेल तिथेच परवडतो.

दुसरी गोष्ट, माउंटला स्वतःची जागा कळते कशी. साध्या स्टेपर मोटरमध्ये कंट्रोलर नुसती पावलं मोजतो, २०० पावलं म्हणजे एक फेरा असं धरून. जोराचा वारा आला, मोटर अडकली, चार पावलं चुकली, तर कंट्रोलरला पत्ताच नसतो, तो जुन्याच हिशोबाने चालत राहतो आणि त्या दिवसापासून सगळे प्रिसेट सरकलेले. यावर उपाय एन्कोडर, म्हणजे खरी जागा वाचणारा सेन्सर. पण तो बसवलाय कुठे हे जरूर विचारा! मोटरच्या शाफ्टवर असेल तर गिअरमधला प्ले त्याला दिसतच नाही, तो म्हणेल सगळं ठीक आणि डोकं तिकडे हलतंय. कॅमेरा ज्या शाफ्टवर बसतो त्या शाफ्टवर एन्कोडर असेल तर तो आकडा विश्वास ठेवण्यासारखा. व्हेंडरला हा एक प्रश्न विचारला की समोरच्याला त्याचा माल किती माहीत आहे तेही लगेच कळतं.

आता वजनाकडे येऊ. पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरली तर पेलते, तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो, वजन तेवढंच पण खांद्यापासूनचं अंतर वाढलं. माउंटचा खांदा म्हणजे टिल्टचा अक्ष. २० किलोचं कॅमेरा-हाउसिंग, म्हणजे कॅमेरा त्याच्या बाहेरच्या पेटीसकट, त्याचा गुरुत्वमध्य टिल्टच्या अक्षापासून फक्त १० सेंटिमीटर सरकलेला, तर नुसतं धरून ठेवायला जवळजवळ २० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, लागतो. तेच नीट बॅलन्स केलं तर जवळपास शून्य, मग मोटर फक्त फिरवायचं काम करते. म्हणून "पेलोड ३० किलो" याच्या पुढे "अक्षापासून किती अंतरावर" हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धवट आहे. त्यात लेन्स पुढच्या बाजूला जड असते, वायपर, सनशील्ड, वॉशरचा नोझल, केबल हे सगळं नंतर जोडलं जातं आणि वजनाच्या यादीत कुणी धरतच नाही. मी तरी कागदावरच्या पेलोडच्या दोन-तृतीयांशपेक्षा जास्त चढवायचं नाही असंच सांगतो.

इथेच माउंटचा आकार ठरतो. कॅमेरा डोक्याच्या वर बसवला, ज्याला टॉप लोड म्हणतात, की वजन अक्षाच्या वर राहतं आणि टिल्ट खाली झुकला की ओढ वाढत जाते. साइड लोडमध्ये कॅमेरा बाजूला, गुरुत्वमध्य बरोबर अक्षाच्या रेषेत आणता येतो. एका बाजूला दिवसाचा कॅमेरा आणि दुसऱ्या बाजूला थर्मल असं असेल तर साइड लोडच घ्या, दोन्ही बाजू एकमेकींना तोलतात. फक्त दोघांची नजर एकाच रेषेत आणून घट्ट करता येईल असे ॲडजस्टमेंटचे स्क्रू ब्रॅकेटला आहेत का ते बघा, कारण थर्मलमध्ये दिसलेली बोट दिवसाच्या कॅमेऱ्यात पण मधोमध दिसली पाहिजे, नाहीतर ऑपरेटर वैतागतो.

वाऱ्याकडे तर कुणी बघतच नाही आणि कोकणात तोच खरा मालक आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. आपल्याकडे इमारती-टॉवरच्या डिझाइनसाठी जो आयएस ८७५ आहे त्यात मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर, पुण्याचा ३९. आता ६० सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर उंच हाउसिंग बाजूने वाऱ्यासमोर आलं तर ४४ च्या वेगाला त्यावर साधारण २०० न्यूटनच्या वर जोर येतो, म्हणजे २० किलोचं वजन आडवं खेचतंय. हाउसिंगचं नाक अक्षापासून जेवढं लांब पुढे आलेलं तेवढा तो जोर पॅनच्या गिअरला पिळतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला आत शिरलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटरचा होता, म्हणजे हे कागदावरचं भय नाही.

डेटाशीटमध्ये वाऱ्याचे दोन आकडे मागा. एक, किती वाऱ्यापर्यंत काम करेल, आणि दुसरा, किती वाऱ्यापर्यंत मोडणार नाही. हे दोन वेगळे असतात आणि जाहिरातीत सहसा मोठा छापतात. वादळाच्या वेळी डोकं वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पार्क करायची सोय असेल तर फार उत्तम, समोरून आकार लहान असतो त्यामुळे जोर बराच कमी होतो.

आणि पोल. हे मला पोटतिडकीने सांगायचंय कारण इथे पैसे वाचवले जातात आणि मग लाखोंचा कॅमेरा वाया जातो. १२ मीटरचा पोल वाऱ्याने वरच्या टोकाला ५ सेंटिमीटर हलला, बघणाऱ्याला काही वाटणार नाही, पण पोल नुसता सरकत नाही, वाकतो, आणि वाकल्यामुळे टोक साधारण ०.३६ डिग्रीने कलतं. आपली फ्रेम ०.६३ डिग्री रुंद आणि उंचीला तर जेमतेम ०.३५! म्हणजे प्रत्येक हेलकाव्याला जवळजवळ अख्खं चित्र वर-खाली. जगातला सगळ्यात महाग माउंट यावर बसवा, काही फरक पडणार नाही. ५ सेंटिमीटर सरकण्याचं दुःख नाही, ३ किलोमीटरवर ते ५ सेंटिमीटरच राहतं, कलण्याचं दुःख आहे. म्हणून लांब लेन्स असेल तर रस्त्यावरच्या दिव्याचा पोल चालत नाही, जाड पाइप, मोठी बेस प्लेट, नीट फाउंडेशन, किंवा लॅटिस (जाळीदार) टॉवर, आणि शक्य असेल तर उंची पोलने मिळवण्यापेक्षा टेकडीने किंवा पक्क्या इमारतीने मिळवा. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन थोडी थरथर खातं, पण एवढा हेलकावा ते खाऊ शकत नाही. जायरो, म्हणजे हेलकावा ओळखणारा सेन्सर, असलेला स्टॅबिलाइज्ड माउंटही मिळतो, तो मुळात बोटीसाठी आणि गाडीसाठी, पक्क्या जमिनीवर खराब पोल झाकायला तो घेणं म्हणजे पैसे चुकीच्या जागी घालणं.

वेगाचं बघू. कमाल वेग सगळे विचारतात, ताशी ६० किलोमीटरने जाणारी वस्तू ५० मीटरवर असेल तर सेकंदाला १९ डिग्री फिरावं लागतं, तीच १ किलोमीटरवर असेल तर एक डिग्रीपेक्षा कमी. मग लांबच्या कामाला कमाल वेगापेक्षा किमान वेग महत्त्वाचा. किमान वेग सेकंदाला अर्धा डिग्री असेल तर आपली अख्खी फ्रेम सव्वा सेकंदात निघून जाते, ऑपरेटर बोटीवर कॅमेरा आणूच शकत नाही, सारखा पुढे-मागे जातो. ०.०५ किंवा त्याहून हळू, आणि तेही धक्के न देता, असं पाहिजे. झूम वाढला की वेग आपोआप कमी होतो अशी सोय असली की हात फार सुखावतो. ड्रोन पकडायचा असेल तर गणित उलटं, तिथे वेग आणि झटपट सुरू-बंद होणं लागतं, शिवाय ड्रोन बरोबर डोक्यावरून गेला की पॅनला क्षणात अर्धा फेरा मारावा लागतो, त्या माथ्यावरच्या पट्ट्यात कुठलाही पॅन-टिल्ट कमी पडतो. ते काम असेल तर दोन कॅमेरे दोन जागी ठेवणं जास्त शहाणपणाचं.

३६० डिग्री सतत फिरणं छान वाटतं, पण त्यासाठी आत स्लिप रिंग लागते, म्हणजे फिरत्या आणि स्थिर भागात घासून वीज आणि डेटा नेणारी कडी. ती झिजते आणि हाय स्पीड नेटवर्क तिच्यातून नेणं नाजूक काम. किनाऱ्यावर समोर १८० डिग्री समुद्र आणि मागे डोंगर असेल तर सतत फिरणारा कशाला? मर्यादित फिरणारा घ्या, केबल सरळ जाते आणि एक बिघडणारा भाग कमी होतो. टिल्ट मात्र खाली किती जातो ते बघा, उंच पोलच्या बुडाशी असलेली जेट्टीच दिसत नाही असं व्हायला नको.

गस्तीचा हिशोबही करा. आठ प्रिसेट, प्रत्येकावर २० सेकंद, म्हणजे मिनिटाला तीन हालचाली, दिवसाला ४,३२०, वर्षाला पंधरा लाखांच्या वर. जो माउंट दिवसातून चार वेळा हलवायच्या हिशोबाने बनलाय तो यात टिकणार नाही. ड्युटी सायकल, म्हणजे न थांबता किती वेळ चालू शकतो ते, १०० टक्के सतत आहे का हे लेखी घ्या.

खारा वारा आणि पाऊस. आयपी६६ म्हणजे धूळ आत नाही आणि पाण्याचा जोरदार फवारा सोसतो. आयपी६७ म्हणजे ठरावीक वेळ एक मीटर पाण्यात बुडवलं तरी चालतं, पण ६७ असला म्हणजे ६६ आपोआप आला असं नाही, दोन चाचण्या वेगळ्या आहेत, पावसाळी झोडपणीला ६६ लिहिलेलाच पाहिजे. आणि ही चाचणी साध्या पाण्याची आहे, नव्या रबर सीलवर, मिठाचा त्यात विचारच नाही. कोकणात बोल्ट ३१६ ग्रेड स्टेनलेसचे मागा, ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टेनलेसचा बोल्ट थेट बसला की खाऱ्या दमटपणात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मध्ये इन्सुलेटिंग वॉशर आणि ग्रीस लागतं. विदर्भात प्रश्न वेगळा, मे महिन्यात हवाच ४५ च्या वर आणि उन्हातलं हाउसिंग त्याहून बरंच तापतं, "कमाल ५० डिग्री" लिहिलेला माल तिथे काठावरच चालतो, पांढरा रंग आणि सनशील्ड तिथे ऐच्छिक धरू नका.

वायरिंगचं थोडक्यात. पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्याच केबलमधून येणाऱ्या विजेवर, चालतो म्हटलं तर वॅट बघा, सगळ्यात मोठ्या प्रकारात स्विच ९० वॅट देतो आणि टोकाला ७१ पोचतात, हीटर आणि दोन कॅमेरे असलेल्या जड डोक्याला ते पुरत नाहीत. मग २४ व्होल्ट डीसी येतं आणि लोक कंट्रोल रूममधूनच २४ व्होल्ट खेचतात. १०० मीटर लांब, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल, ५ अँपिअर, तर सात व्होल्टच्या वर वाटेतच जातात, पोलवर पोचतात सोळा-सतरा, आणि माउंट मधूनच रीस्टार्ट होतो, तोही सगळे एकदम हलले की. २३० व्होल्ट पोलच्या बॉक्सपर्यंत न्या आणि तिथे पॉवर सप्लाय बसवा, सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंगसकट.

प्रोटोकॉल, म्हणजे माउंटला आदेश द्यायची भाषा, त्यात पेल्को-डी जुना आणि सगळीकडे चालणारा, आरएस-४८५ च्या दोन तारांवर सात बाइटचे आदेश. नेटवर्कवर ऑनव्हिफ. दोन्ही "सपोर्ट" लिहिलेलं असतं, पण विचारायचं ते हे की माउंट स्वतःची जागा परत सांगतो का आणि ठरावीक कोनावर थेट जाण्याचा आदेश घेतो का. हे नसेल तर रडारशी जोडणी विसरा. वस्तीजवळ कॅमेरा असेल तर लोकांच्या खिडक्यांवर जो काळा प्रायव्हसी मास्क टाकतात तोही याच जागेच्या आकड्यावर चालतो, माउंट सरकला की मास्क सरकतो आणि कुणाचं तरी घर उघडं पडतं, त्यामुळे हा नुसता तांत्रिक मुद्दा नाही.

पैसे देण्याआधी साइटवर एक चाचणी कराच, तिला काही यंत्र लागत नाही. पूर्ण झूममध्ये लांबचा एखादा स्थिर दिवा किंवा इमारतीचा कोपरा फ्रेमच्या मधोमध घेऊन प्रिसेट सेव्ह करा. मग डोकं बरंच डावीकडे नेऊन प्रिसेटला बोलवा, स्क्रीनशॉट घ्या, मग उजवीकडे नेऊन बोलवा, परत स्क्रीनशॉट. दोन्हींतला पिक्सेलचा फरक म्हणजे पॅनचा प्ले, फ्रेम किती डिग्रीची ते माहीत असल्याने लगेच कोनात येतो. तसंच वर-खाली. मग लाइट बंद करून चालू करा आणि तोच प्रिसेट परत बोलवा. ही चाचणी ऑर्डरमध्येच लिहून ठेवा, आणि पहिला पावसाळा गेला की हीच परत करायची असंही तिथेच लिहा, म्हणजे गिअर किती झिजला ते दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून दाखवता येतं.